मुंग्या किती दिवस राहतात?

रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी जाळी ओढली जातात तेव्हा मांदेली, बोंबील, कोळंबीबरोबर एखादा केंडही वर येतो. डिवचलं की पोट फुगवून टम्म होणारा हा मासा कुणी घरी नेत नाही. सप्टेंबर १७७४ मध्ये न्यू कॅलेडोनियाच्या किनाऱ्यावर नांगर टाकून बसलेल्या कॅप्टन जेम्स कुकला मात्र ही अक्कल नव्हती. बेटावरच्या माणसाकडून त्याच्या कारकुनाने असाच एक मासा विकत घेतला. रात्री कुक आणि जहाजावरचे दोघे निसर्गअभ्यासक, फॉर्स्टर पिता-पुत्र, यांनी त्याचं काळीज आणि गाबोळी नुसती चाखली. पहाटे तिघांचे हातपाय बधिर झाले. जड आणि हलकं यातला फरक कळेनासा झाला. पाण्याने भरलेलं भांडं आणि पीस हातात सारखंच लागत होतं, असं कुकने रोजनिशीत नोंदवलं आहे. माशाची आतडी खाल्लेलं डुक्कर सकाळी मेलेलं सापडलं. ही तिघं माणसं वाचली आणि काही दिवसांत त्यांची बोटं पूर्ववत झाली.

केंडाच्या त्या विषाला टेट्रोडोटॉक्सिन म्हणतात आणि त्याचं काम अतिशय नेमकं आहे. मज्जातंतूच्या पातळ कातडीत सोडियमची सूक्ष्म दारं असतात. दार उघडलं की विद्युतभार असलेले सोडियमचे कण आत घुसतात, त्या धक्क्याने पुढचं दार उघडतं, मग त्याच्या पुढचं, आणि असा संदेश बोटाच्या टोकापासून मेंदूपर्यंत जातो. केंडाचं विष बाहेरून येऊन नेमकं या दारांच्या तोंडात अडकतं. तंतू जिवंत, स्नायू धडधाकट, फक्त दारं बंद. विष शरीराबाहेर गेलं की दारं मोकळी होतात.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात हात बधिर होतो तेव्हा विष कुठेच नसतं. तरी बधिरपणा किती काळ टिकणार, याचं बरंचसं उत्तर याच दारांपाशी येऊन थांबतं. न्यूरॉलॉजिस्टच्या खोलीत पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘डॉक्टर, हे किती दिवस राहणार?’ त्याला दोन सेकंद, एक तास, सहा आठवडे, वर्षभर आणि कायमचं अशी पाच उत्तरं देता येतात. पाचही खरी आहेत, आणि एकाच माणसाला एकाच वर्षात त्यातली चार भेटू शकतात.

आधी आजाराबद्दल थोडं. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडून येणारे दृष्टितंतू यांतल्या धाग्यांवर मायलिन नावाचं मेदाचं वेष्टन असतं. एमएसमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकार यंत्रणा या वेष्टनावर उलटते. जागोजागी दाह होतो, वेष्टन गळून पडतं आणि मागे कडक डाग राहतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ मध्ये हे डाग आणि लक्षणं एकत्र मांडून आजाराला स्वतंत्र ओळख दिली. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो, आणि पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायकांना होतो.

वेष्टन सलग नसतं. साधारण एकेक मिलिमीटरवर त्यात उघडी फट असते. लुई रांव्हिए या फ्रेंच संशोधकाने ती प्रथम नीट दाखवली म्हणून तिला त्याचं नाव आहे. सोडियमची दारं जवळपास सगळी या फटींत दाटीवाटीने बसलेली असतात. एका वर्ग मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या चौकोनात, हजाराहून जास्त. वेष्टनाखालच्या भागात तेवढ्याच जागेत पंचवीससुद्धा नाहीत. संदेश एका फटीतून थेट पुढच्या फटीत उडी घेतो आणि म्हणूनच स्पर्शाची बातमी सेकंदाला पन्नास-साठ मीटरच्या वेगाने धावते.

ही दारं मोजली कशी, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाला विशेष आवडेल. मोजायला वापरलं ते शिंपल्यातलं विष. समुद्रात काही सूक्ष्म जीव सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यांत ते साठतं, आणि असे शिंपले खाणाऱ्याचे ओठ, जीभ, मग बोटं बधिर होतात. असा प्रकार आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, मंगळूरच्या बाजूला, १९८० च्या दशकात घडलेला आहे. हे विषही केंडाच्या विषासारखंच सोडियमच्या दारात जाऊन बसतं, आणि एका दारात त्याचा एकच रेणू मावतो. १९७७ मध्ये रिची आणि रोगार्ट या दोघांनी सॅक्सिटॉक्सिनला किरणोत्सारी खूण लावली, ते सशाच्या मज्जातंतूवर सोडलं आणि किती चिकटलं ते मोजलं. दारं फटीत खच्चून भरलेली आणि वेष्टनाखाली जवळपास नाहीतच, हे त्या मोजणीतून पुढे आलं.

आता वेष्टन गळालं की काय होईल? फटीत निर्माण झालेला विद्युतप्रवाह पुढच्या फटीपर्यंत पोचायच्या आधीच उघड्या पडलेल्या भागातून झिरपून जातो. मधल्या पट्ट्यात दारं नाहीत, त्यामुळे त्याला कुणी पुढे ढकलत नाही. संदेश तिथेच मरतो. पाय ठणठणीत आहे, पायातला मज्जातंतू ठणठणीत आहे, बिघाड मानेतल्या किंवा पाठीतल्या मज्जारज्जूच्या नखाएवढ्या तुकड्यात आहे, आणि माणूस मात्र पाय चोळत बसतो. पायाच्या अंगठ्यापासून निघालेला स्पर्शाचा एकच धागा मज्जारज्जूतून थेट मेंदूच्या देठापर्यंत जातो. त्याचा पायातला भाग वेगळ्या पेशींनी गुंडाळलेला असतो, मज्जारज्जूतला वेगळ्या. एमएसचा राग फक्त दुसऱ्या गुंडाळीवर.

बधिरपणा म्हणजे संदेश न पोचणं. मुंग्या, झिणझिण्या, पोटरीवरून गार पाणी ओघळल्याचा भास, छातीभोवती कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं वाटणं हे याच्या उलट आहे. उघडा पडलेला धागा कुणी न बोलावता स्वतःहून संदेश सोडतो आणि मेंदू त्याचा जमेल तसा अर्थ लावतो. पाणी नाही, पट्टा नाही, पण संवेदना शंभर टक्के खरी. घरातल्यांनी ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणायला सुरुवात होते ती इथेच, आणि ते साफ चुकीचं आहे.

सगळ्यात चटका लावणारा प्रकार आहे बिनकामी हाताचा. जर्मन डॉक्टर हेर्मान ओपेनहाइम यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो वर्णन केला. समजा, रेवदंड्याच्या एखाद्या वाडीतली तिशीची बाई तिसऱ्या घेऊन विळीवर बसली आहे. पाट पायाखाली, पातं समोर. तिसरी दोन बोटांत धरायची, फट पात्यावर टेकवायची, दाबायची, उघडली की मांस एका शिंपीत राहू द्यायचं आणि दुसरी फेकायची. एकशिपी करणाऱ्या बायका हे गप्पा मारत करतात, खाली बघतसुद्धा नाहीत. या बाईच्या मुठीत जोर पहिल्याइतकाच आहे. पण बोटं कुठे आहेत, किती वाकली आहेत, शिंपला निसटतोय की घट्ट आहे, हे तिला बघितल्याशिवाय कळत नाही. नजर बोटांवर असेतो काम होतं. दारात कुणी आलं म्हणून मान वळवली की तिसरी परातीत आणि बोट पात्यावर. डोळे मिटून पदराचं टोक शोधायला सांगितलं तर हात हवेत भलतीकडेच फिरतो.

जगातल्या एका फार मोठ्या कलावतीचं नेमकं हेच झालं. चेलोवादक जॅकलिन द्यू प्रे, जन्म ऑक्सफर्डमधला, १९४५ चा. १९७१ च्या सुमारास तिच्या बोटांतली जाणीव जाऊ-येऊ लागली. कारण कुणालाच कळेना. तिने वाजवणं थांबवलं. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक दिवस बोटं अचानक नीट चालू लागली, तेव्हा तिने आणि तिचा नवरा डॅनियल बॅरनबॉइम याने स्टुडिओ गाठून शोपाँ आणि फ्राँक यांच्या रचना दोन दिवसांत ध्वनिमुद्रित करून टाकल्या. ते मुद्रण आजही ऐकायला मिळतं. ऐकताना आजाराचा मागमूस लागत नाही. फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडनला तिने एल्गारचा कॉन्चेर्टो वाजवला, तेव्हा वाद्यवृंद चालवत होते आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला तिला तारा बोटांखाली जाणवेनात. पट्टीवर बोटं कुठे पडतायत ते ती डोळ्यांनी बघून वाजवत होती आणि धनुकलीचं वजन हाताला समजत नव्हतं. भरलेलं भांडं आणि पीस सारखंच वाटणाऱ्या कुकची तक्रार दोनशे वर्षांनी पुन्हा, फक्त या वेळी उतारा नव्हता. त्या ऑक्टोबरात निदान झालं. १९८७ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी ती गेली. तिचा आजार नेहमीपेक्षा बराच जहाल होता, हे इथेच सांगायला हवं, कारण एमएस म्हटलं की लोक तिचंच उदाहरण देऊन एकमेकांना घाबरवतात.

मग डिसेंबर १९७१ मध्ये बोटं परत आली ती कशी?

पहिल्या काही दिवसांचं आणि आठवड्यांचं श्रेय दाह ओसरण्याला. दाहाच्या जागी सूज असते, आणि तिथल्या पेशी नायट्रिक ऑक्साइडसारखी रसायनं सोडतात. ती रसायनं वेष्टन शाबूत असलेल्या धाग्यातलीही वाहतूक तात्पुरती बंद पाडतात. दाह शमला की हा भाग लगेच मोकळा होतो. तीन ते पाच दिवस सलाइनमधून देतात ते स्टेरॉइड इथेच काम करतं. ते बरं होण्याची तारीख अलीकडे आणतं, पण सहा महिन्यांनी किंवा वर्षाने मोजलं तर स्टेरॉइड घेतलेला आणि न घेतलेला माणूस बहुधा एकाच ठिकाणी असतो. दृष्टितंतूच्या दाहावर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीने १९९० च्या दशकात हे दाखवलं. म्हणून नुसत्या मुंग्या असतील, हात चालत असेल, तर पुष्कळ डॉक्टर स्टेरॉइड न देता थांबतात. पेशंटला हा हलगर्जीपणा वाटतो. तो नसतो.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात थक्क करते. वेष्टन गेलेल्या उघड्या पट्ट्यावर, जिथे कधी दारं नव्हती तिथे, तंतू नवी सोडियमची दारं बसवतो. मग संदेश उडी न मारता, पावलापावलाने, त्या पट्ट्यातून सरकत पलीकडे जातो. अलिबागहून सुटलेली विनाथांबा एसटी रेवदंड्याला यायची, तिच्याऐवजी आता आक्षी, नागाव, चौल करत प्रत्येक फाट्यावर थांबणारी गाडी आली, असं समजा. उशीर होतो, पण गाडी येते. या पट्ट्यातला वेग मूळ वेगाच्या विसाव्या हिश्श्यावर किंवा त्याहून खाली येतो. तरीही पट्टा काही मिलिमीटरचाच असल्यामुळे एकूण उशीर सेकंदाच्या बारीक अंशाएवढा, माणसाला न जाणवणारा. डॉक्टरांच्या यंत्राला मात्र तो दिसतो. डोळ्यांसमोर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन हलवून मेंदूत लहर कधी पोचते ते मोजलं की, वीस वर्षांपूर्वी येऊन गेलेला आणि पूर्ण बरा झालेला डोळ्याचा झटकासुद्धा त्या उशिरावरून पकडता येतो. लंडनचे टॉम सीअर्स, ह्यू बोस्टॉक आणि न्यूझीलंडहून तिथे आलेले इयन मॅकडॉनल्ड यांनी १९७० च्या दशकात प्राण्यांच्या मज्जातंतूंवर हा सगळा प्रकार उलगडला. एमएसच्या निदानाचे आजचे निकष मॅकडॉनल्ड यांच्याच नावाने ओळखले जातात.

या दुरुस्तीची किंमत मोजावी लागते. नव्या दारांतून सोडियम सतत थोडाथोडा आत झिरपत राहतो, त्याला बाहेर काढण्याच्या अदलाबदलीत कॅल्शियम आत शिरतं, आणि जास्त कॅल्शियमने धागाच मरू शकतो. येल विद्यापीठातल्या स्टीफन वॅक्समन यांच्या गटाने २००४ मध्ये एमएसने गेलेल्या माणसांच्या ऊतींत याच्या खुणा दाखवल्या. आज संदेश पोचवण्यासाठी तंतूने काढलेली तोड उद्या त्याच्याच जिवावर उठू शकते. धागा एकदा तुटला की त्याच्या वाट्याचा बधिरपणा कायमचा.

तिसरी दुरुस्ती मायलिन पुन्हा चढण्याची. ते मूळच्यापेक्षा पातळ असतं, त्याचे तुकडे आखूड असतात, पण त्यातून संदेश पुन्हा खात्रीने जातात. याला महिने लागतात. आणि चौथी मेंदूची स्वतःची. येणारी माहिती तुटपुंजी आहे हे ओळखून तो ती वेगळ्या तऱ्हेने वाचायला शिकतो. म्हणून पुष्कळदा तपासणीत संवेदना कमीच भरते आणि पेशंट मात्र ‘आता काही वाटत नाही’ म्हणतो.

हे सगळं एकत्र केलं की नेहमीच्या झटक्याचा आलेख समजतो. बधिरपणा काही दिवस ते दोन आठवडे वाढतो, पायातून कमरेपर्यंत चढतो, मग काही आठवडे थबकतो, मग उतरू लागतो. उतार सगळ्यात जास्त पहिल्या दोन-तीन महिन्यांत. सहा महिन्यांनी जे उरलं ते बहुधा सोबत राहतं, तरी वर्षभर थोडीथोडी भर पडत राहिलेली माणसं आहेत. लकवा किंवा तोल जाण्यापेक्षा संवेदनेचे झटके चांगले भरून येतात, आणि आजाराची सुरुवात नुसत्या संवेदनेच्या लक्षणांनी झाली तर पुढची वाटचालही सरासरीने बरी असते. झटका म्हणायचा कशाला, याचा नियम डॉक्टरांनी बांधून घेतला आहे. ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना लक्षण निदान चोवीस तास टिकायला हवं.

चोवीस तासांच्या आतली दुनिया निराळी आहे.

मान खाली वाकवली, पायरी बघायला किंवा देवाला नमस्कार करायला, की मानेपासून कमरेपर्यंत वीज सळसळत जाते. दोन सेकंद, संपलं. पुन्हा वाकवली, पुन्हा. फ्रेंच डॉक्टर लेर्मित यांनी १९२४ मध्ये याचा कसून अभ्यास केला म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं, जरी त्याच्या काही वर्षं आधी इतरांनी ते पाहिलं होतं. मानेतले वेष्टन गेलेले धागे ताणले गेले की नुसत्या ताणानेच पेट घेतात. एकेक सळक क्षणाची, पण हा प्रकार आठवडेच्या आठवडे रोज होत राहतो आणि बहुधा आपोआप थांबतो.

आणि मग उष्णता. हा भाग कोकणात राहणाऱ्या माणसाने नीट वाचावा. विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदवलं की काही एमएसच्या पेशंटना थोडं चालून श्रम झाले की अंधुक दिसू लागतं आणि बसून राहिलं की परत स्पष्ट. पुढे कळलं की कारण श्रम नव्हेत, अंगातली उष्णता. तापमान वाढलं की सोडियमची दारं उघडून पटकन मिटतात. धडधाकट धाग्याला याचं काही वाटत नाही, कारण त्याच्याकडे गरजेच्या कितीतरी पट जास्त प्रवाह असतो. कसाबसा चालणारा उघडा धागा मात्र तेवढ्यानेही बंद पडतो. अर्धा अंश सेल्सियस पुरे. गार झालं की तास-अर्ध्या तासात सगळं जागेवर. नवा डाग नाही, नवं नुकसान नाही. एमआरआय येण्याआधीच्या काळात संशयित पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून जुनी लक्षणं वर येतात का ते बघायची रीतसर तपासणी होती.

आता रेवदंड्याचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. पारा विदर्भाच्या मानाने कमीच, पण हवेत इतकं पाणी की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होणार कसं? दुपारी दोनला साळावच्या पुलावर गाडीची वाट बघत उभं राहिलेल्या एमएसच्या माणसाचा पाय बधिर होऊ शकतो. दिवाळीत उटणं लावून कढत पाण्याने अभ्यंगस्नान केलं की हात सुन्न होऊ शकतो. तापात, लघवीच्या जंतुसंसर्गात, अगदी मासिक पाळीच्या दिवसांतही जुना बधिरपणा डोकं वर काढतो. याला खोटा झटका म्हणतात. उपाय स्टेरॉइड नाही. पंखा, ओला पंचा, माठातलं पाणी, ताप असेल तर तापाचं कारण शोधणं. आपल्याकडच्या पेशंटला हे कुणीतरी पहिल्याच भेटीत सांगायला हवं. युरोपातली पुस्तकं वाचून दिलेला सल्ला इथल्या वैशाखाला पुरत नाही.

एमएस हा थंड देशांचा आजार, आपल्याकडे नसतोच, असं डॉक्टरही बरीच वर्षं समजत. त्या समजुतीला पहिला मोठा धक्का मुंबई-पुण्यातून बसला. जे. जे. आणि जसलोक रुग्णालयांत काम केलेले डॉ. नोशीर वाडिया आणि त्याच काळात मुंबईतले डॉ. भरुचा यांच्या गटांनी १९८० च्या दशकात पारशी समाजात घरोघरची माहिती काढली, तेव्हा प्रमाण लाखाला वीसहून जास्त निघालं. बाकी भारतासाठी तेव्हा लाखाला एखाददुसरा एवढाच अंदाज होता. मुंबईतच १९८५ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. पुढे डॉ. लेखा पंडित यांनी मंगळूर शहरात मोजणी केली आणि २०१४ मध्ये लाखाला सुमारे आठ हा आकडा प्रसिद्ध केला. तो किनारा आपलाच, हवा आपलीच, खाणं जवळपास आपलंच. रेवदंड्यासारख्या गावात वर्षानुवर्षं एकही पेशंट नसेल, पण अलिबाग तालुक्यात नसेल असं समजायला आधार नाही.

अर्थात बधिर झालेला प्रत्येक हात एमएसचा नव्हे, नव्याण्णव वेळा नसतोच. मांडी घालून बसल्यावर येणाऱ्या मुंग्या मिनिटांत जातात. मधुमेहाच्या मुंग्या दोन्ही तळपायांतून मोजे चढल्यासारख्या सावकाश वर येतात आणि उतरत नाहीत. बी-१२ च्या कमतरतेचं प्रमाण आपल्याकडे फार मोठं आहे; पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पाहणीत पुणे परिसरातल्या दोन-तृतीयांश पुरुषांत ते कमी निघालं होतं. त्यानेही मान वाकवल्यावर वीज चमकते, आणि त्यावर इंजेक्शनं आहेत, तीही स्वस्त. कातडीवर फिकट चट्टा आणि तेवढ्याच जागी स्पर्श लागत नसेल तर आधी कुष्ठरोगाची तपासणी. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि लवकर घेतली तर आजार पूर्ण बरा होतो. एमएसचं वेगळेपण वेळेत आहे. दिवसांत चढणं, आठवड्यांत उतरणं आणि काही महिन्यांनी भलत्याच जागी पुन्हा उगवणं.

हे वेळापत्रक जगात सगळ्यात आधी लिहून ठेवलं ते एका पेशंटने, शार्कोच्याही आधी. ऑगस्टस देस्ते, इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू. डिसेंबर १८२२ मध्ये एका नातेवाइकाच्या अंत्यविधीनंतर त्याची नजर अंधुक झाली आणि काही उपचार न करता पूर्ण सुधारली. पुढे दुहेरी दिसणं, बधिरपणा, पायांतला अशक्तपणा, प्रत्येकाचं येणं आणि जाणं तो वर्षानुवर्षं रोजनिशीत लिहीत गेला. १८४८ मध्ये तो वारला तेव्हा या आजाराला नावही नव्हतं. शंभर वर्षांनी ती रोजनिशी डॉक्टरांच्या हाती लागली, आणि तिच्यातल्या तारखांवरूनच निदान करता आलं.

राजाचा नातू नसलात तरी वही सगळ्यांकडे असते. एमएस असेल किंवा संशय असेल तर बधिरपणा सुरू झाला ती तारीख, जागा, त्या दिवशी ताप होता का, ऊन होतं का, कढत आंघोळ झाली होती का, आणि गेला कधी, एवढं लिहा. तासाभरात गेला तर नुसती नोंद पुरे. सलग एक दिवस टिकला, कमरेपर्यंत चढला, सोबत लघवी अडली, पाय लुळा पडला किंवा एका डोळ्याने कमी दिसू लागलं, तर वाट बघू नका. अलिबाग गाठा आणि तिथून न्यूरॉलॉजिस्टकडे, मुंबईला जावं लागलं तरी. झटके कमी करणारी औषधं आता भारतात मिळतात, आणि ती जितकी लवकर सुरू होतात तितके धागे वाचतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्वतंत्र उल्लेख आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना हात दिसायला धडधाकट आहे म्हणून कुणी परत पाठवू लागलं, तर न्यूरॉलॉजिस्टच्या कागदांबरोबर तीच वही पुढे ठेवा.